एकाहत्तरावा संदर्भ

तारनाक्याच्या त्रिवेणी सेलूकरांकडे कुणी लग्नाची पत्रिका घेऊन गेलं, की त्या आधी पत्रिका वाचत आणि मग पाणी विचारत. मुलाच्या आजोबांच्या नावामागचं टिंब राहिलेलं असे, नाहीतर मुहूर्ताच्या आकड्यांत काहीतरी इकडचं तिकडे झालेलं असे. बाई तोंडाने काही बोलत नसत. पण त्यांची नजर एका जागी अडकून राहिलेली पाहुण्याला दिसे, आणि तोच बिचारा विचारी, "काय झालं मामी, काही चुकलं का?" तोवर पत्रिका छापून झालेल्या असत. मग सेलूकरमामा आतून म्हणत, "तिला नक्को विचारू बाबा, सांगेल ती."

बाईंचा उद्योगच तो होता. विद्यापीठात संशोधन करणारी मुलं आपले लेख देशोदेशीच्या नियतकालिकांना पाठवतात. लेखाच्या शेवटी संदर्भांची यादी लागते: आपण कुणाचं काय वाचून हे लिहिलं, त्याचा पत्ता. आणि प्रत्येक नियतकालिकाची रीत न्यारी. कुणाला आडनाव आधी पाहिजे, कुणाला शेवटी. कुणी वर्ष कंसात घालतं, कुणी टोकाला ढकलतं. पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरात, लेखाचं सरळ. पृष्ठांच्या दोन आकड्यांमधली रेघ लांब, जोडशब्दातली आखूड. चार वर्षं प्रयोगशाळेत घाम गाळलेली मुलं या रेघांपुढे रडकुंडीला येत. त्यांची यादी बाई सरळ करून देत. सुधीररावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, या उद्योगाचं नाव 'स्वल्पविरामाचा दवाखाना' असं ठेवलं होतं. मुलं दारात आली की ते आत वर्दी देत, "त्रिवेणी, पेशंट आलाय. लई परेशान दिसतोय."

हे डोळे त्यांना वडिलांकडून आले होते. वडील न्यायखात्यात भाषांतरकार. सुलतान बाजारच्या घरी ओसरीत बसून ते जुने उर्दू दस्त मराठीत आणि इंग्रजीत उतरवत, आणि धाकट्या त्रिवेणीकडून नावं ताडून घेत. "नाव बरोबर लिही, पोरी," ते म्हणत, "एक अक्षर सरकलं तर शेत दुसऱ्याच्या नावावर जातं." पुढे बाईंनी ग्रंथालयाचा डिप्लोमा केला आणि रेल्वेच्या एका प्रशिक्षण संस्थेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली. पुस्तकांची कार्डं लिहिण्यात त्यांचं तारुण्य गेलं, आणि ते वाया गेलं असं त्यांना कधी वाटलं नाही. निवृत्त झाल्यावर वर्षभर त्यांनी लोणची घातली, भाचरांची लग्नं लावली, आणि मग कंटाळल्या. त्याच सुमारास वरच्या मजल्यावरचा विनय आपला दोनदा परत आलेला निबंध घेऊन जिना उतरताना भेटला. बाईंनी सहज म्हणून शेवटची दोन पानं मागितली आणि जिन्यातच उभ्या राहून नऊ चुका दाखवल्या. तिथून हा दवाखाना सुरू झाला.

आता हे काम करणारी यंत्रणा संगणकातच असते, कळ दाबली की यादी तयार. बाईंकडेही ती होती आणि त्या ती सफाईने वापरत. पण यंत्रणेने लावलेली यादी त्या छापून घेत, पेन्सिलीने प्रत्येक नोंदीला क्रमांक घालत आणि एकेक नोंद मुळाशी ताडून बघत. "ते यंत्र कपाट छान लावतं," त्या म्हणत. "पण कपाटातली साडी कुणाची, ते त्याला कसं कळणार?"

ऋचा त्यांच्याकडे आली ती गेल्या वर्षी, दसरा होऊन आठवडा झाला होता तेव्हा. पुण्याची मुलगी, नवरा प्रथमेश माधापूरला सॉफ्टवेअर कंपनीत, म्हणून ही हैदराबादला आली आणि विद्यापीठात पीएच.डी.ला लागली. विषय शहरातल्या जुन्या विहिरी. सिकंदराबादपासून लालागुड्यापर्यंत पूर्वी किती विहिरी होत्या, आता किती उरल्या, बुजलेल्या विहिरींचं पाणी कुठे गेलं, असं काहीसं. निबंध एका नामांकित परदेशी नियतकालिकाने जवळपास स्वीकारला होता. फक्त संदर्भयादी त्यांच्या रीतीत बसवून अकरा दिवसांत परत पाठवायची होती.

"काकू, शहाण्णव रेफरन्सेस आहेत," ऋचा म्हणाली. "तीन-चार दिवसांत होईल ना?"

"ठेव. बघते."

सत्तर संदर्भ तीन दिवसांत पार पडले. एकाहत्तरावर बाई थांबल्या. नोंद होती राव, ई. एन. यांची: 'मुशी व्हॅली बुलेटिन' नावाच्या, केव्हाच बंद पडलेल्या त्रैमासिकातला सिकंदराबादच्या विहिरींवरचा लेख. वर्ष १९७१. पृष्ठ क्रमांकच नव्हते. बाईंनी त्यांच्या सवयीप्रमाणे हाच लेख आणखी कुणी कुणी दाखवलाय ते शोधलं. अडतीस निबंध निघाले. एकात पृष्ठं १४ ते २९ होती, दुसऱ्यात ११४ ते १२९. कुठे राव, ई., कुठे राव, ई. एन., आणि एका ठिकाणी राव, ई. व्ही. एका निबंधात तर 'सुप्रसिद्ध भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. राव' असं लिहिलेलं होतं.

त्यांनी ऋचाला फोन लावला.

"ऋचा, हे ई. एन. राव तू पाहिलेस का?"

"म्हणजे भेटलेय का, काकू?"

"नाही गं. त्यांचा लेख. डोळ्यांनी पाहिलास?"

"नाही. कुठे ऑनलाइन नाहीये तो. पण सगळेच साइट करतात ना. त्या एरियाचा बेस डेटा त्यांचाच आहे. तीनशे बारा विहिरी."

"म्हणजे तू दुसऱ्यांचे लेख वाचलेस आणि नाव ह्यांचं घातलंस."

"सगळे तसंच करतात, काकू."

"ते दिसतंय मला," बाई म्हणाल्या. अडतीस जणांपैकी एकानेही तो लेख उघडलेला नसणार, हे आता त्यांना पुरतं कळून चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्या निघाल्या. तारनाक्याहून मेट्रो, अमीरपेटला बदलून नामपल्ली. तिथल्या एका जुन्या वाचनालयात त्यांच्या हाताखाली शिकून गेलेली मुलगी आता ग्रंथपाल होती. तिने मागच्या खोलीतलं कपाट उघडून दिलं. १९७१चा खंड बाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला. विहिरींवर अक्षर नाही. १९७०चा चाळला, नाही. १९६९च्या दुसऱ्या अंकात, चौदाव्या पानावर तो लेख होता.

लेखाच्या डोक्यावर नुसतं 'एकनाथ राव' छापलेलं. पण अंकाच्या अनुक्रमणिकेत पूर्ण नाव होतं: एकनाथराव माधवराव कंधारकर. शेवटी बारीक टाइपात ओळ होती, की लेखक सिकंदराबादेत रेल्वेच्या नकाशा कचेरीत ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवून काढणारे, आहेत. बाईंना हसू आलं. राव हे आडनाव नव्हतंच. आपल्याकडे मोठ्या माणसाच्या नावाला राव लागतो, तो तोडून कुणीतरी आडनावाच्या जागी बसवला होता. उरलेल्या एकनाथाचे दुसऱ्या कुणी दोन तुकडे करून ई. एन. केलं. आणि रेल्वेच्या ट्रेसरला लोकांनी न विचारता डॉक्टर केलं.

मग त्यांनी लेख वाचला. संदर्भ ताडायला तेवढी गरज नव्हती, पण त्या वाचत गेल्या. माणूस साधं लिहीत होता. कोणत्या विहिरीला किती पायऱ्या, पाणी किती हातांवर, गोडं की मचूळ, मालकाने उतरू दिलं की नाही. बाईंचा डबा तसाच राहिला. बाराव्या परिच्छेदात एकूण विहिरींचा आकडा होता, आणि तो तीनशे बारा नव्हता. दोनशे तेरा होता. कधीतरी कुणाच्या तरी हातून आकडे उलटले होते, आणि पुढच्या सगळ्यांनी ते तसेच उचलले होते.

संध्याकाळी ऋचा आली तेव्हा बाईंनी पानांचे फोटो तिच्यापुढे ठेवले. मुलीचा चेहरा उतरला. तिच्या निबंधाचा सगळा डोलारा तीनशे बारावर उभा होता. तीनशे बारांतल्या एकोणपन्नास उरल्या, म्हणजे शंभरातल्या चौऱ्याऐंशी गेल्या. सारांशाचं पहिलंच वाक्य ते.

"काकू, मी तुम्हाला फक्त फॉरमॅटिंग करायला सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज चढला होता. "आता सगळी गणितं बदलायची. तक्ते, आलेख, सगळं. सात दिवस राहिलेत. तीनशे बारा हा ॲक्सेप्टेड आकडा आहे. सगळ्यांनी वापरलाय."

"सगळ्यांनी वापरला म्हणून तो दोनशे तेराचा तीनशे बारा होत नाही, बाळा."

"तुम्हाला काय, स्वल्पविरामच बघायचेत!" असं म्हणून ऋचाने कागद उचलले आणि ती निघून गेली. चहा तसाच राहिला.

सुधीरराव आतून सगळं ऐकत होते. बाहेर आले आणि तो चहा स्वतःच प्यायला बसले.

"माझं चुकलं का हो?" बाईंनी विचारलं.

"काय चुकलं?"

"ती म्हणाली ते खरंच. माझं काम रेघा-टिंबांचं. आकड्यात मी कशाला शिरले?"

"आपल्या लग्नाच्या पत्रिकेत माझं गाव सेलूऐवजी शेलू छापलं होतं, तेव्हा तू काय केलं होतंस?"

"चारशे पत्रिका पेनाने दुरुस्त केल्या."

"मग आता कायकू विचारतेस? तशीच आहेस तू." त्यांनी कप खाली ठेवला. "कंधारकर म्हणालीस ना? नकाशा कचेरीतले? अगं, मी सिग्नल खात्यात नवा लागलो तेव्हा एक एकनाथरावगारू होते तिथे. तेलुगू लोकांना कंधारकर म्हणता येत नसे, म्हणून साऱ्या ऑफिसात ते नुसते एकनाथरावगारू. रेघ अशी मारायचे की बघत राहावं. ते हेच की काय?"

"असतील का हो अजून?"

"पेन्शनरांच्या बैठकीत विचारतो."

ऋचाचा फोन तिसऱ्या दिवशी सकाळी आला. रात्री झोप लागत नव्हती म्हणाली. खरा आकडा माहीत असून खोटा पाठवायचा, हे तिच्याने होईना. तिने संपादकांना खरं काय ते कळवलं होतं, आणि त्यांनी चार आठवड्यांची मुदत दिली होती. "काकू, मी तुम्हाला नको ते बोलले," ती म्हणाली आणि पुढे तिला बोलवेना.

"संध्याकाळी ये," बाई म्हणाल्या. "सिकंदराबादला जायचंय. ई. एन. राव सापडलेत."

पेन्शनरांच्या बैठकीत सुधीररावांना पत्ता मिळाला होता, आणि संध्याकाळी तेही बाई आणि ऋचाबरोबर निघाले. एकनाथराव मारेडपल्लीला मुलाच्या घरी राहत होते. वय पंच्याऐंशी, पाठ ताठ, डोळ्यांना जाड चष्मा आणि कान जवळजवळ गेलेले. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी असे. घरात सून सुनीता आणि ते. सुनीता सासऱ्यांना मामा म्हणे आणि त्यांच्या डाव्या कानाशी वाकून, एकेक शब्द सुटा करून बोले. तिने सांगितलं, "मामा, ह्या मावशी तुमच्या लेखाचं विचारायला आल्यात. विहिरींच्या."

म्हातारबांनी तिघांकडे एकेक करून पाहिलं. "कोणत्या विहिरी?"

बाईंनी फोटो काढलेली पानं छापून आणली होती. ती त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाशी नेला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

"हे कुणी वाचतं?" अखेर त्यांनी विचारलं.

"अडतीस निबंधांत तुमचं नाव आहे, काका," बाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या. "पण चुकीचं आहे. राव, ई. एन. म्हणून."

"तो कोण?"

"तुम्हीच."

ते खळखळून हसले. मग त्यांना भरपूर बोलायचं होतं. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, म्हणून रेल्वेने आपल्या विहिरींचे नकाशे काढायला घेतले होते. काम तेवढंच होतं. पण रेल्वेच्या हद्दीबाहेरची विहीर दिसली की ह्यांना राहवेना. दोन वर्षं प्रत्येक रविवारी सायकल काढली. पुढे ते, मागे कॅरिअरवर बायको, तिच्या मांडीवर दोराची गुंडाळी.

"मी खाली उतरायचो," ते म्हणाले. "इंदु वर दोर धरून बसायची. मी ओरडायचो, ती वहीत लिहायची. मालक लोक मला उभं करत नसत. इंदु घरातल्या बायकांशी बोलायची, मग गेट उघडायचं. उर्दू अस्सं बोलायची! अर्ध्या विहिरी तिच्या जिभेवर मिळाल्या बघा." इंदुताईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

ऋचा इतका वेळ वहीत टिपून घेत होती. ती पुढे सरकली आणि मोठ्याने म्हणाली, "आजोबा, दोनशे तेरा विहिरी होत्या ना?"

"दोनशे सतरा," एकनाथराव म्हणाले.

त्रिवेणीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"छापून आल्यावर चार सापडल्या. संपादकांना पत्र लिहिलं मी. छापलं नाही त्यांनी. नकाशाही छापला नाही. म्हणाले, छपाईसाठी एवढा मोठा ब्लॉक करायला जमणार नाही. त्यांनी नकाशा छापायला पाहिजे होता. लेखात काय आहे? सगळं नकाशात होतं."

"तो नकाशा आता कुठाय?" ऋचाने विचारलं. प्रश्न त्यांना ऐकू गेला नाही की काय, असं वाटेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले. मग सुनीताला म्हणाले, "कपाटावरची नळी काढ."

पत्र्याच्या नळीतून ट्रेसिंगचं कापड निघालं. चौघांनी चार कोपरे धरून ते पलंगावर पसरलं. लालागुड्यापासून पुढे सगळा मुलूख त्यावर होता, आणि दोनशे सतरा बारीक निळी वर्तुळं. चार वर्तुळं वेगळ्या शाईची. प्रत्येकाखाली मराठीत नाव: धोब्याची बावडी, नवाबाची, पिंपळाची, मुक्या बाईची. अक्षर मोत्यासारखं.

"अक्षर इंदुचं," म्हातारबा म्हणाले. "रेघा माझ्या."

पुढचे तीन आठवडे ऋचा तो नकाशा मोबाइलमध्ये घेऊन फिरली. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी तिला अडखळत वाचता येई. बाई शेजारी बसून वाचून देत आणि सुधीरराव जुन्या खुणा सांगत. तिला आधी न सापडलेल्या सात विहिरी निघाल्या. एक शाळेच्या मैदानाखाली, एक मोटार गॅरेजच्या मागे फरशी टाकून झाकलेली. म्हणजे दोनशे सतरांतल्या छप्पन्न अजून होत्या. निबंधाचं पहिलं वाक्य बदललं. आधी शंभरातल्या चौऱ्याऐंशी गेल्या असं होतं, त्या आता चौऱ्याहत्तर झाल्या. आकडा कमी झाला, पण आता ऋचा प्रत्येक विहिरीवर बोट ठेवून सांगू शकत होती.

यादीचं काम मात्र सोपं नव्हतं. लेखाची नोंद बाईंनी छापील अनुक्रमणिकेच्या पुराव्यावर दुरुस्त केली. कंधारकर झाल्याबरोबर ती नोंद एकाहत्तरावरून उठून बेचाळिसाव्या जागी गेली आणि मधल्या साऱ्यांचे क्रमांक खोडून पुन्हा घालावे लागले. दोनशे सतरा हा आकडा लेखात नव्हता. तो एकनाथरावांच्या तोंडून ऐकलेला. त्याला व्यक्तिगत संवाद म्हणतात आणि तो यादीत जात नाही, लेखाच्या ओघातच सांगावा लागतो. हे सगळं विचारायला बाई पुन्हा मारेडपल्लीला गेल्या, कारण माणसाचं नाव कसं लिहायचं ते त्यालाच विचारायचं, असं त्यांचं मत होतं.

एकनाथरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या लेखाला इंदुचं नाव लावता येईल का?"

"नाही, काका. जे छापलं तेच लिहावं लागतं. त्यात मला भर घालता येत नाही."

"नियम असेल."

"हो."

"मग नको," ते म्हणाले. नाराज झाले नाहीत. जन्मभर मोजपट्टीने काम केलेला माणूस. पण बाईंच्या डोक्यातून ते जाईना. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना त्या मध्येच थांबल्या, हात पुसले आणि सुधीररावांना म्हणाल्या, "अहो, नकाशा छापलेलाच नाही."

"मग?"

"मग तो अप्रकाशित दस्तऐवज. ऋचाने तो वापरलाय. त्याची वेगळी नोंद करावीच लागते. आणि त्याचे कर्ते कोण, ते नकाशावरच बघायचं!"

त्यांनी ऋचाने काढलेला नकाशाचा फोटो उघडला आणि मोठा करत करत उजव्या कोपऱ्यात नेला. तिथे त्याच मोत्यासारख्या अक्षरात दोन नावं होती. इंदु एकनाथराव कंधारकर. खाली, एकनाथराव माधवराव कंधारकर. अक्षरं काढायचं काम त्यांच्याकडे असल्याने इंदुताईंनी स्वतःचं नाव वर घातलं होतं. सुधीरराव हसत सुटले. बाईंनी लगेच नोंद केली: नावं नकाशावर आहेत त्या क्रमाने, वर्ष, मराठी शीर्षक रोमन अक्षरांत आणि चौकटी कंसात त्याचा अर्थ, अप्रकाशित नकाशा, कर्त्याच्या संग्रहात. तीनदा तपासली. एरवी त्या दोनदा तपासत.

निबंध स्वीकारला गेला. मध्ये नियतकालिकाच्या मुद्रितशोधकाने प्रश्न पाठवला, की बाकी सगळीकडे राव असताना इथे कंधारकर कसं, कृपया खात्री करावी. बाईंनी अनुक्रमणिकेचा फोटो जोडून चार ओळींचं उत्तर लिहिलं, आणि लिहायला बसल्याच होत्या म्हणून त्या अडतीस निबंधांच्या लेखकांनाही ईमेल पाठवले. आतापर्यंत अकरा जणांची उत्तरं आली. त्यांतल्या एकाने, डॉक्टर करणाऱ्याने, एकनाथरावांची मनापासून माफी मागितली आहे.

निबंध छापून आला तेव्हा तिघं मारेडपल्लीला गेले. ऋचाने शेवटचं पान मोठ्या टाइपात छापून आणलं होतं. एकनाथरावांनी भिंग मागितलं. त्यांचं बोट ओळीवरून सरकत दोन नावांच्या मधल्या वेटोळ्या खुणेवर थांबलं.

"हे काय आहे? शाई पसरली का?"

"नाही, काका. ती खूण आहे," बाई म्हणाल्या. "'आणि' असा तिचा अर्थ."

त्यांना ऐकू गेलं नाही. मग सुनीता त्यांच्या डाव्या कानाशी वाकली आणि तिने ती नोंद पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतली. कंधारकर, आय. ई., आणि कंधारकर, ई. एम. बाईंच्या सांगण्यावरून तिने स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा वाचले. वर्ष आलं, मराठी शीर्षक आलं, कंस उघडला, कंस मिटला.

म्हातारबांनी मान हलवली. "इंदुचं आधी आहे ना?"

"आधी आहे, मामा."

"परत वाच," ते म्हणाले.